सरावाची जमीन आणि स्पर्धेचा बर्फ : हिवाळी खेळांतील मागे राहणारे खेळाडू व देहू परिसरातील प्रेक्षक
(प्रस्तावना)

देहू हे इंद्रायणीकाठचे तुकोबांचे गाव आणि त्याच्याभोवती तळवडे, भोसरी, चिंचवड, चाकण असा पसरत गेलेला कारखान्यांचा पट्टा, यांचा बर्फावरील खेळांशी वरवर पाहता काहीच संबंध जुळत नाही. ज्या दिवसांत युरोपातील डोंगरउतारांवर हिवाळी ऑलिम्पिकच्या शर्यती रंगतात, त्या माघ-फाल्गुनाच्या दिवसांत येथे पहाटे शाल लागते खरी, पण दुपारचे ऊन चटका देऊ लागलेले असते. भंडारा डोंगरावरचा माघ शुद्ध दशमीचा सोहळा आटोपून गावाला तुकाराम बीजेचे वेध लागलेले असतात, आणि बर्फ म्हणून जो ओळखीचा असतो तो रसवंतीच्या गुऱ्हाळावरचा किंवा फ्रीजमधला. तरीही या परिसरातील ज्या थोड्याबहुत घरांत दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर हे खेळ पाहिले जातात, तेथे पाहणाऱ्यांचा जीव बहुधा निकालपत्रकाच्या वरच्या तीन नावांत न गुंतता तळाकडच्या एखाद्या नावात गुंततो. हे का घडते, त्या ओढीत दया किती आणि ओळख किती, आणि अशा खेळाडूकडे पाहण्याची नेमकी रीत कोणती, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

‘मागे राहणारा खेळाडू’ ही संज्ञा येथे एका मर्यादित अर्थाने वापरली आहे. ज्याच्या जिंकण्याची अपेक्षा प्रतिस्पर्धी, समालोचक आणि पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या देशाची क्रीडासंघटनाही करत नाही, परंतु जो पात्रतेची अट रीतसर पार करून स्पर्धेत उतरलेला असतो, तो हा खेळाडू होय. यातील दुसरा भाग महत्त्वाचा आहे, कारण अशा खेळाडूला लिंबूटिंबू समजून कौतुकाने खेळू दिले जाते असा एक गैरसमज सर्वत्र आढळतो. डोंगरउतारावरील स्कीइंगपुरते पाहिले तरी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यताप्राप्त शर्यतींत खेळाडूला त्याच्या कामगिरीनुसार गुण मिळतात, हे गुण जितके कमी तितका खेळाडू वरचा ठरतो, आणि ठरावीक मर्यादेच्या आत गुण आणल्याखेरीज ऑलिम्पिकचे दार उघडत नाही. ही मर्यादा गाठण्यासाठी भारतातील खेळाडूला स्वतःच्या वा उसन्या खर्चाने युरोपात हंगामामागून हंगाम काढावे लागतात. म्हणून निकालपत्रकात जो तळाशी दिसतो, तो प्रत्यक्षात एका लांबलचक चाळणीतून वर राहिलेला असतो.

अशा खेळाडूला पाहण्यासाठी लागणारी कौटुंबिक संध्याकाळ हीदेखील या औद्योगिक पट्ट्यात सहज मिळणारी गोष्ट नव्हे. पहिल्या पाळीचा माणूस दिवस उजाडताना कंपनीच्या बसने निघून दुपारी परततो, दुसऱ्या पाळीचा दुपारी निघून मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतो, तिसऱ्या पाळीचा रात्रीचे जेवण उरकून डबा घेऊन बाहेर पडतो, आणि एकाच घरात दोन मिळवती माणसे दोन पाळ्यांत असली तर आठवडाभर त्यांची गाठ केवळ उंबरठ्यावर पडते. भोसरी-तळवड्याच्या अनेक लघुउद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्यामुळे तेथील कामगारांच्या घरी निवांत बसण्याची वेळ रविवारी नव्हे, तर बुधवारी रात्री किंवा गुरुवारी येते. त्यातच यजमान शहरांच्या घड्याळाचा प्रश्न असतो. बीजिंग भारताच्या अडीच तास पुढे आणि दक्षिण कोरिया साडेतीन तास पुढे असल्यामुळे तेथील पुष्कळशा शर्यती येथे सकाळी किंवा भर दुपारी येतात, तर व्हँकुव्हरची संध्याकाळ येथे दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, शाळा-कारखान्यांच्या धांदलीत उगवते. हिवाळ्यात इटली भारताच्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे तेथील दुपारी दोनची शर्यत देहूत साडेसहाला, दिवेलागणीला आणि हरिपाठाच्या वेळेला सुरू होते. २०१४ साली रशियातील सोची तर अवघे दीड तास मागे होते. स्वयंपाकघरात भाकरीची थापटी चालू असताना, पहिल्या पाळीचा माणूस हातपाय धुऊन टेकलेला असताना आणि नातवंडे अभ्यासाची वही पुढ्यात घेऊन पडद्याकडे चोरून पाहत असताना आजी जेव्हा ‘आपला कधी येणार?’ असे विचारते, तेव्हा तो ‘आपला’ कधी मनालीचा असतो, कधी काश्मीरचा, आणि भारताचे कोणीच नसेल तर केनियाचा किंवा जमैकाचाही चालतो.

या ‘आपल्या’मध्ये पहिले नाव अर्थातच शिवा केशवन यांचे. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचे केशवन १९९८ साली जपानमधील नागानो येथे वयाच्या सोळाव्या वर्षी ल्यूज या प्रकारात उतरले. ल्यूज म्हणजे एका छोट्या घसरगाडीवर पाठीवर निजून, पाय पुढे करून, बर्फाच्या वळणावळणांच्या नळीतून ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येणे. या गाडीला ब्रेक नसतो आणि ती वळवायची ती पोटऱ्यांच्या व खांद्यांच्या दाबाने. भारतात अशी कृत्रिम बर्फनळी तेव्हा एकही नव्हती. केशवन यांची या खेळाशी ओळख झाली ती पंचकुला येथे ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक ग्युंटर लेमेरर यांनी घेतलेल्या शिबिरात, चाके लावलेल्या गाडीवर. आणि पुढील अनेक वर्षे त्यांचा घरचा सराव हिमालयातील डांबरी घाटरस्त्यांवर, ट्रक, मोटारी आणि मेंढरांचे कळप चुकवत चालला. नागानोत ते २८वे आले, २००६ साली तुरीनमध्ये २५वे, आणि २०१८च्या प्योंगचांगपर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ते खेळले. मधल्या काळात आशियाई ल्यूज स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदकही मिळवले. सोचीत उतरले तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित असल्यामुळे त्यांच्या अंगावर देशाचे नाव नव्हते, तर ऑलिम्पिकचा ध्वज होता. त्यांची शर्यत संपल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी ते निलंबन उठले. त्याच सोचीतील सरावाच्या एका फेरीत ते भर वेगात गाडीवरून घसरले, तिला धरून राहिले आणि धावत्या गाडीवर पुन्हा चढून त्यांनी फेरी पुरी केली. त्या काही सेकंदांच्या चित्रफितीने त्यांना जी प्रसिद्धी दिली ती आधीच्या सोळा वर्षांनी दिली नव्हती, ही खेदाची गोष्ट आहे.

ल्यूजची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. हा तपशील पडद्यावर आकड्यांत झळकतो तेव्हा पुष्कळ प्रेक्षकांना तो निरर्थक वाटतो. पण ज्याचा दिवस तपासणी विभागात मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि डायल गेज हाताळण्यात जातो, ज्याला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने जॉब नापास झालेला ठाऊक आहे, त्याला ते आकडे वाचता येतात. सदतिसाव्या क्रमांकाच्या आणि पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूंत एका फेरीत दोन-चार सेकंदांचाच फरक पडतो आणि तेवढ्यात साऱ्या जगाचे अंतर सामावते, हे अशा घरात समजावून सांगावे लागत नाही.

केशवन यांच्या उदाहरणातून या विषयाचे मूळ सूत्र हाती लागते. मागे राहणाऱ्या खेळाडूची अडचण पुष्कळदा त्याच्या ताकदीत वा हिमतीत नसते. ती सरावाची जमीन एक आणि स्पर्धेची जमीन दुसरी असण्यात असते. डांबरावर सराव करून बर्फावर उतरायचे, सिमेंटवर ढकलगाडी पळवून बर्फनळीत बॉबस्लेड ढकलायची, मातीत घुमून मॅटवर कुस्ती धरायची, हे सारे एकाच जातीचे प्रसंग आहेत. खेळाडूचे मोजमाप करताना क्रमांकाबरोबर या दोन जमिनींमधले अंतरही मोजले पाहिजे, असा या विवेचनाचा आग्रह आहे. देहू-चाकण पट्ट्यातील कुटुंबांना हे सूत्र चटकन पटते, त्याचे कारण त्यांच्या स्वतःच्या घडणीत आहे. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सोलापूर या भागांतून आलेली असंख्य माणसे शेतात वाढली आणि आयटीआयच्या एका प्रमाणपत्राच्या आधारावर यंत्रांपुढे उभी राहिली; ज्या स्थानिकांची जमीन औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाली, त्यांच्या बाबतीत तर पायाखालची जमीन शब्दशः बदलली.

जम्मू-काश्मीरमधील तंगमार्गचे आरिफ खान यांची जमीन मात्र बर्फाचीच. वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीइंगच्या साहित्याचे दुकान, वयाच्या चौथ्या वर्षी पायात स्की. आणि तरीही २०२२ साली बीजिंगमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून ते उतरले तेव्हा अंतर उरलेच होते, कारण नैसर्गिक बर्फाचा उतार आणि स्पर्धेसाठी पाणी मारून काचेसारखा कडक केलेला उतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे प्रकार दोन होते : स्लालम, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून झटपट वळणे घेत उतरणे, आणि जायंट स्लालम, म्हणजे तेच अधिक अंतरावरच्या खांबांमधून अधिक वेगाने करणे. येथे एक नियम समजून घेतला पाहिजे, जो प्रक्षेपणात सहसा सांगितला जात नाही. पहिल्या फेरीत वरच्या मानांकनाचे खेळाडू आधी सोडले जातात आणि खालच्या मानांकनाचे मागून. प्रत्येक उतरणाऱ्याच्या स्कीच्या धारेने वळणावर चर पडत जातो, आणि ऐंशीच्या घरातला क्रमांक छातीवर लावलेला खेळाडू उभा राहतो तोवर त्या वाटेची पार दुर्दशा झालेली असते. म्हणजे ज्याच्याजवळ साधने कमी त्याच्या वाट्याला वाटही उखणलेली येते. त्या दिवशी जोरदार हिमवर्षावात जायंट स्लालमला सुरुवात करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे शर्यत पुरी करू शकले नाहीत. आरिफ खान यांनी दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या आणि ते ४५वे आले. तीन दिवसांनी स्लालममध्ये त्यांना पहिली फेरी पुरी करता आली नाही. त्या स्पर्धेवर भारताचा राजनैतिक पातळीवर बहिष्कार असल्याने दूरदर्शनने उद्घाटन आणि समारोप दाखवला नाही, त्यामुळे एकट्याने तिरंगा घेऊन चालणारा हा खेळाडू अनेक घरांना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातच दिसला. आणि शर्यतीच्या प्रक्षेपणात पहिले तीसेक खेळाडू उतरून गेले की जाहिराती, पुनःप्रक्षेपणे आणि मुलाखती सुरू होतात. ‘आपला’ येईपर्यंत पडद्यासमोर टिकून राहणे ही घरच्यांच्या चिकाटीचीच परीक्षा असते.

पाश्चात्त्य जगात अशा खेळाडूंची कीर्ती मुख्यतः १९८८च्या कॅलगरी स्पर्धेतून पसरली. ब्रिटनचे मायकल एडवर्ड्स, ज्यांना ‘एडी द ईगल’ म्हटले गेले, हे पेशाने गिलावा करणारे कारागीर. जाड भिंगांचा चष्मा, उसने साहित्य आणि जेमतेम पैसा यांवर ते स्की-उडीत, म्हणजे उंच घसरगुंडीवरून सुटून हवेत झेपावण्याच्या प्रकारात उतरले आणि दोन्ही उड्यांत शेवटचे आले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण पुढे १९९०मध्ये पात्रतेचे नियम असे कडक झाले की त्यांना पुन्हा ऑलिम्पिक गाठता आले नाही. येथे स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक आहे. स्की-उडीसारख्या जिवावर बेतणाऱ्या प्रकारात किमान पात्रता असणे योग्यच आहे, परंतु त्या नियमाच्या मागे सुरक्षिततेपेक्षा प्रतिष्ठेची काळजी अधिक होती असे मानायला जागा आहे. कारण एडवर्ड्स उडी मारून सुखरूप उतरत होते, आणि ब्रिटनच्या विक्रमांच्या यादीत त्यांचे नाव होते.

त्याच स्पर्धेतील जमैकाच्या चौघांच्या बॉबस्लेडची, म्हणजे पळत ढकलून आत उडी मारायच्या बंदिस्त घसरगाडीची कथा ‘कूल रनिंग्ज’ या १९९३च्या चित्रपटाने घरोघरी नेली. चित्रपटात उलटलेली गाडी खांद्यावर घेऊन खेळाडू अंतिम रेषा ओलांडतात. प्रत्यक्षात ते गाडीच्या बाजूने चालत बाहेर आले, आणि त्यांच्यापैकी डेव्हन हॅरिस व डडली स्टोक्स हे जमैकाच्या सैन्यदलातील अधिकारी होते. हा फरक किरकोळ नाही. चित्रपटाला विनोदी पराभव हवा होता, आणि त्यामुळे १९९४ साली लिलेहॅमर येथे जमैकाचा चौघांचा संघ अमेरिकेच्या पुढे राहून १४वा आला, ही अधिक मोठी गोष्ट लोकांच्या स्मरणात राहिली नाही. पडणे पाहायला गर्दी जमते. सहा वर्षांनी चौदावे येणे पाहायला कोणी थांबत नाही. मुलांना घेऊन हा चित्रपट पाहणाऱ्या घराने शेवटी लिलेहॅमरची हकीकतही त्यांना सांगावी.

नागानोत दहा किलोमीटरच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत, म्हणजे सपाट आणि चढउताराच्या बर्फावर स्कीने स्वतःच्या बळावर अंतर काटण्याच्या प्रकारात, केनियाचे फिलिप बोइट शेवटचे, ९२वे आले. विजेते नॉर्वेचे ब्यॉर्न डेली यांच्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी ते रेषेवर पोहोचले, आणि डेली त्यांची वाट पाहत तेथे उभे होते. पुढे बोइट यांनी आपल्या मुलाला डेली हे नाव दिले. बोइट यांच्या सरावाचा खर्च एका बूट बनवणाऱ्या कंपनीने केला होता आणि त्यात जाहिरातीचा हेतू होता, अशी टीका तेव्हा झाली, आणि ती निराधार नव्हती. पण डेली यांचे थांबणे कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते. ही रीत पुढेही टिकली. २०१८ साली स्वित्झर्लंडचे दारिओ कोलोन्या मेक्सिकोचे शेवटचे आलेले हेरमान माद्रासो यांच्यासाठी थांबले, आणि २०२२ साली फिनलंडचे ईवो निस्कानेन कोलंबियाच्या कार्लोस किंताना यांच्यासाठी. देहूकराला या दृश्याचा अर्थ लागायला वेळ लागत नाही, कारण ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघते तेव्हा रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असले तरी पंढरीला आधी कोण पोहोचले याची विचारपूस कोणी करत नाही. ही तुलना अर्थात फार ताणू नये. वारी ही शर्यत नव्हे, आणि डेली हे जिंकण्यासाठीच धावले होते. शर्यतीत क्रमांक असावाच, तो प्रामाणिकपणे लागावा, आणि तो लागल्यानंतर विजेत्याने रेषेवर थांबावे, असा दोन्ही गोष्टींना सामावणारा व्यवहार तेथे दिसतो.

क्वचित तळाचा खेळाडू जिंकतोही. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत शॉर्ट ट्रॅक, म्हणजे आखूड गोल धावपट्टीवरच्या बर्फ-स्केटिंगच्या हजार मीटर अंतिम शर्यतीत शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही पडले आणि मागे राहिलेले ऑस्ट्रेलियाचे स्टीव्हन ब्रॅडबरी पहिले आले. त्यांना नशीबवान म्हणून हसण्यावारी नेले जाते, परंतु त्याआधीच्या आठ वर्षांत मांडीची रक्तवाहिनी कापण्याचा आणि मान मोडण्याचा असे दोन जीवघेणे अपघात सोसून ते त्या धावपट्टीवर उभे होते, ही बाजू विसरता येत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला या साऱ्याचा घरचा धागा खाशाबा जाधवांपाशी सापडतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातीत घडला, १९४८ साली लंडनला मॅटवर उतरून सहावा आला, आणि १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून रक्कम उभी केल्याचे सांगितले जाते. तेथे त्यांनी स्वतंत्र भारताला वैयक्तिक प्रकारातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. दुसरा धागा तर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातूनच जातो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पुढे ते टेल्कोत नोकरी करत राहिले, आणि पद्मश्री त्यांना २०१८ साली, पदकानंतर ४६ वर्षांनी मिळाली. ज्या गेटमधून पाळी सुटताना हजारो माणसे बाहेर पडत होती, त्यांत एक विश्वविजेता होता आणि बहुतेकांना ते ठाऊक नव्हते. ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट २०२४ साली आल्यावर या पट्ट्यातल्या अनेक घरांना आपल्या शेजारची ही हकीकत प्रथमच कळली.

भारतातील हिवाळी खेळांचा भार मुख्यतः लष्कराने आणि सीमा दलांनी उचललेला आहे. गुलमर्गचे उच्च पर्वतीय युद्धप्रशिक्षण विद्यालय आणि औली येथील भारत-तिबेट सीमा पोलिसांची संस्था ही या खेळांची खरी घरे. देहूरोडच्या छावणीतील कुटुंबांना, ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी काश्मीर वा लडाखच्या नेमणुकीवर राहून आलेले असते, बर्फ हा खेळापेक्षा नोकरीचा भाग म्हणून अधिक परिचयाचा असतो. २०२०पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत लेहच्या गोठलेल्या पाण्यावर महाराष्ट्राच्या स्केटिंगपटूंनी पदके मिळवली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांची तयारी चाकांच्या स्केटवर, सिमेंटच्या रिंकवर होते, आणि स्पर्धेआधीचे मोजके दिवस पाते लावून बर्फावर उभे राहण्याची सवय करण्यात जातात. देहरादून येथे २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी ऑलिम्पिक मापाची बंदिस्त बर्फरिंक उभारली गेली; त्यानंतर ती दीर्घ काळ बंद पडून होती आणि अलीकडेच पुन्हा सुरू झाली आहे. जे आईबाप पहाटे मुलाला स्कूटरवर बसवून रिंकवर सोडतात आणि तेथून थेट पहिल्या पाळीची बस गाठतात, त्यांच्यासाठी देहरादूनची ही बर्फरिंक चालू आहे की बंद, तिचा तासाचा दर किती आणि तेथवरच्या रेल्वेप्रवासाचा खर्च कोण देणार, हे प्रश्न पदकतालिकेच्या आधी येतात.

२०२६च्या फेब्रुवारीत मिलान-कोर्तिना येथे भारताचे दोन खेळाडू उतरले, काश्मीरचे आरिफ खान आणि लडाखचे स्टांझिन लुंडुप. इटलीची दुपार म्हणजे देहूची संध्याकाळ, त्यामुळे बारा वर्षांनी प्रथमच या खेळांच्या काही शर्यती घरच्या जेवणाच्या वेळेला आल्या. पुढील हिवाळी ऑलिम्पिक २०३०मध्ये फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात आहे, तेथील घड्याळही इटलीचेच. आज सिमेंटवर चाके फिरवणाऱ्या मुलांना तोवर बर्फावरचा नियमित सराव मिळावा, यासाठी राज्याच्या क्रीडा विभागाला काय करता येईल हे पुढील प्रकरणांत तपशिलाने मांडले आहे.